कपाटातला जुना क्लिक थ्री बाहेर काढा : साध्या फिल्म कॅमेऱ्याने आजही फोटो कसे काढायचे

आपल्याकडे ज्यांच्या घरात साठ-सत्तरच्या दशकापासूनचे अल्बम आहेत त्यांनी एकदा ते उघडून बघा, त्यात छोटे चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट फोटो असतील, पांढरी किनार, काळ्या पानांवर कोपरे चिकटवून लावलेले, आणि त्यातले बरेचसे कुठल्या स्टुडिओवाल्याने नाही तर घरातल्याच कुणीतरी काढलेले असतात. काकाने, मामाने, कॉलेजात जाणाऱ्या आत्याने. हे शक्य झालं ते आगफा क्लिक थ्री सारख्या कॅमेऱ्यांमुळे. जर्मन आगफाचं डिझाइन, पण आपल्याकडचा क्लिक थ्री बनायचा बडोद्याला, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात. प्लास्टिकची बॉडी, साधी भिंग, एकच शटर स्पीड. बॅटरी नाही, उजेड मोजायचं मीटर नाही, फोकस करायची भानगड नाही.

आज हे कॅमेरे हजारो घरांत माळ्यावर पडून आहेत आणि लोकांना वाटतं की ते शोपीस झाले. अजिबात नाही. क्लिक थ्रीला जो रोल लागतो तो १२० नंबरचा रोल आजही नवा मिळतो, आणि कॅमेऱ्यात बिघडण्यासारखं इतकं कमी आहे की दहातले बरेच कॅमेरे नुसते पुसले तरी चालतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी थोडं मागचं, कारण ते कळलं की कॅमेरा कसा वापरायचा तेही आपोआप कळतं. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने अमेरिकेत पहिला कोडॅक विकायला काढला, किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला. रोल संपला की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा, ते १० डॉलर घेऊन फोटो धुवून नवा रोल भरून परत पाठवायचे. तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो, अशीच त्यांची जाहिरात होती. पण २५ डॉलर म्हणजे तेव्हा मोठी रक्कम. खरा धमाका झाला १९०० साली, ब्राउनी आला तेव्हा, किंमत फक्त १ डॉलर, रोल १५ सेंटला. पुठ्ठ्याचा डबा, पुढे एक भिंग, वर एक खटका, आणि जाहिरात थेट लहान मुलांसाठी. पुढच्याच वर्षी नंबर २ ब्राउनी आला आणि त्याच्यासाठी जो रोल काढला तोच हा १२०. म्हणजे १९०१ सालचा रोलचा साइझ आज सव्वाशे वर्षांनंतरही दुकानात मिळतो, आणि आपला क्लिक थ्री त्याच्याच जिवावर अजून जिवंत आहे.

ह्या सगळ्या स्वस्त कॅमेऱ्यांमागचा विचार एकच. भिंगामागचं उजेड आत सोडणारं छिद्र किती मोठं, शटर किती वेळ उघडं, फोकस कुठे, हे निर्णय कारखान्यातच घेऊन टाकायचे, आणि वापरणाऱ्याकडे तीनच गोष्टी ठेवायच्या : उजेड बघणं, अंतर राखणं आणि हात न हलवणं. ह्या तीन गोष्टी सांभाळल्या तर फोटो येतो. खरंच येतो. ज्यांचे येत नाहीत त्यांनी ह्यातली एखादी सोडलेली असते, कॅमेऱ्याला उगाच दोष दिला जातो.

आधी बघा घरात नक्की कोणता कॅमेरा आहे

हे महत्त्वाचं आहे, कारण सगळ्याच कॅमेऱ्यांचा रोल आज मिळत नाही. आगफा क्लिक थ्री आणि आगफा आयसोली दोन्ही १२० वर चालतात, फरक एवढाच की क्लिकमधे ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो आणि आयसोलीत ४ बाय ४ चे १६. घरात कोडॅकचा जुना ब्राउनी असेल तर आतलं झाकण किंवा लेबल बघा, बऱ्याच मॉडेलना ६२० लागतो, त्यात फिल्म १२० चीच पण रीळ बारीक, त्यामुळे अंधारात १२० ची फिल्म ६२० च्या रिळावर गुंडाळून घ्यावी लागते. जमतं, पण पहिल्याच वेळी त्याच्या मागे लागू नका. ऐंशीच्या दशकातला हॉट शॉट असेल तर त्याला ११० चं कार्ट्रिज लागतं, ते मधे बंद पडलं होतं पण २०१२ पासून लोमोग्राफी कंपनी परत बनवते, इथे मात्र शोधावं लागतं आणि महाग पडतं. इन्स्टामॅटिक असेल, म्हणजे १९६३ साली कोडॅकने काढलेलं १२६ चं कार्ट्रिजवालं मॉडेल, तर त्याचा रोल आता कुणी बनवत नाही, तो कपाटात ठेवा. याशिका एमएफ २ किंवा कोडॅक केबी १० असेल तर सगळ्यात सोपं, साधा ३५ एमएमचा ३६ चा रोल आणि फ्लॅशला पेन्सिल सेल. पण सेलच्या जागी हिरवट-पांढरी बुरशी चढली असेल तर व्हिनेगरमधे भिजवलेल्या कानाच्या काडीने ती पुसा, वाळू द्या, मगच नवे सेल टाका.

घरात काहीच नसेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी एक चक्कर मारा, मुंबईत असाल तर चोर बाजार. घेताना फक्त दोन गोष्टी बघा : शटर चालतंय का आणि आतली रिकामी रीळ आहे का. बाहेरून ओरखडे असले तरी काही फरक पडत नाही.

पुढचं सगळं क्लिक थ्रीबद्दल, पण कुठल्याही बॉक्स टाइप कॅमेऱ्याला तेवढंच लागू पडतं.

रोल न टाकता तपासणी

मागचं झाकण काढा. आतून भिंगाकडे बघत कॅमेरा खिडकीकडे धरा आणि खटका दाबा. क्षणभर गोल उजेड चमकून गेला पाहिजे. पाच-सहा वेळा दाबा, दर वेळी तेवढाच झटकन यायला हवा. उजेड रेंगाळत असेल तर शटर आळसावलंय, वर्षानुवर्षं पडून राहिल्यामुळे होतं, नुसतं पन्नासेक वेळा दाबूनही पुष्कळदा मोकळं होतं. त्यात तेल घालू नका! तेल पात्यांवर पसरतं आणि मग ती कायमची चिकटतात.

आता पुढची लिव्हर हलवा, जिथे ऊन आणि ढग अशी चित्रं असतात, आणि आतून परत बघा. उन्हाच्या खुणेला छिद्र लहान होईल, ढगाच्या खुणेला मोठं. काही मॉडेलमधे त्याच लिव्हरने एखादी जास्तीची काच मधे येते, पिवळी असेल तर तो फिल्टर, आकाश जरा गडद करून ढग उठावदार करणारा, आणि साधी असेल तर जवळच्या फोटोसाठी. आपल्या कॅमेऱ्यात काय आहे हे असं स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेणं सगळ्यात उत्तम, कारण पुसट झालेल्या खुणांवर विसंबण्यात अर्थ नाही.

भिंग धुरकट दिसत असेल तर ती बहुतेक धूळ किंवा बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, चामड्याच्या केसमधे ठेवलेल्या कॅमेऱ्याला बुरशी लागतेच, त्यामुळे ती केस फोटोपुरती बाहेर काढा आणि एरवी कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. भिंग पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग मऊ सुती कापडाने हलक्या हाताने. रगडायचं नाही. प्लास्टिकची भिंग असेल तर ओरखडे लगेच पडतात.

मागच्या लाल खिडकीकडेही लक्ष द्या. त्यातून रोलच्या कागदावरचे नंबर दिसतात. पूर्वीच्या बऱ्याच फिल्मना लाल उजेड फारसा कळत नसे म्हणून खिडकी लाल ठेवायचे. आजच्या फिल्मला लाल पण कळतो. त्यामुळे खिडकीवर बाहेरून काळी टेप लावा, एका बाजूने उचलता येईल अशी, आणि नंबर बघायचा असेल तेव्हाच सावलीत उचलायची.

कोणता रोल घ्यायचा

इथे बहुतेक जण फसतात. दुकानदार ४०० आयएसओ देतो कारण सगळे तोच मागतात. आयएसओ म्हणजे फिल्मला उजेड किती चटकन कळतो त्याचा आकडा, आकडा लहान तेवढी फिल्म मंद. पण हिशोब बघा. क्लिक सारख्या कॅमेऱ्याचं शटर साधारण १/३० सेकंदाचं आणि छिद्र एफ ९ ते एफ ११ च्या आसपास (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान). भर उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला एफ १६ आणि १/१०० पुरतं. म्हणजे आपला कॅमेरा उन्हात १०० च्या फिल्मलाच गरजेपेक्षा सुमारे आठपट उजेड देतो. ४०० टाकला तर बत्तीसपट! हे कॅमेरे बनले तेव्हा फिल्म मंद असायच्या, त्यांच्यासाठी हे गणित बरोबर होतं.

त्यामुळे ५० ते १२५ आयएसओचा ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह रोल घ्या. इल्फर्ड पॅन एफ प्लस ५० चा आहे, एफपी ४ प्लस १२५ चा, फोमापॅन १०० जरा स्वस्तात मिळतो. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह जास्तीचा उजेड बराच पचवतं, निगेटिव्ह गडद येईल पण त्यातून फोटो निघतो. कमी उजेड मात्र ते अजिबात पचवत नाही, तिथे काहीच उमटत नाही. पूर्वी आपल्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोल मिळायचा, आता तो नाही, सगळं बाहेरून येतं म्हणून भाव जास्त आहेत आणि म्हणूनच एक-एक फोटो विचार करून काढावा लागतो.

कलर हवा असेल तर कोडॅक गोल्ड २०० आता १२० मधेही येतो, पण तो सावलीत किंवा ढगाळ हवेत वापरा. स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट सरळ रंगीत चित्र येतं ती, ह्या कॅमेऱ्यात टाकू नका, तिला जरासाही जास्त उजेड सहन होत नाही.

आणि हो, ह्यातून एक फार छान गोष्ट निघते. ढगाळ हवेत किंवा उघड्या सावलीत उजेड भर उन्हापेक्षा साधारण आठपट कमी असतो, म्हणजे १०० च्या फिल्मला आपला कॅमेरा तिथे अगदी बरोबर बसतो. म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट, पाऊस थांबलाय, आभाळ भरलंय, उजेड सगळीकडून सारखा येतोय, ही ह्या कॅमेऱ्याची सगळ्यात चांगली वेळ. भाताची खाचरं, घाटातला रस्ता, वाड्याच्या चौकात उभी माणसं, सगळं मऊ आणि भरीव येतं. लोक पावसाळ्यात कॅमेरा आत ठेवून देतात आणि मे महिन्याच्या बाराच्या उन्हात काढतात, नेमकं उलटं करायला हवं.

रोल भरणं

सावलीत बसा. आतली रिकामी रीळ वाइंडिंग नॉबच्या बाजूला हवी, नसेल तर तिकडे सरकवा. नवा रोल दुसऱ्या बाजूला बसवा, त्याचा कागदी पट्टा काढा, कागदाचं टोक ओढून समोरच्या रिळाच्या फटीत घाला. कागदाची छापील बाजू तुमच्याकडे, काळी बाजू भिंगाकडे, हे उलटं झालं तर एकही फोटो येणार नाही. दोन-तीन वेढे घट्ट आणि सरळ बसले की झाकण लावा, झाकणाचा खटका नीट बसलाय ना बघा. मग हळूहळू नॉब फिरवत लाल खिडकीत बघत राहा, आधी खुणा येतील, मग १ आकडा. आला की थांबा, टेप लावा.

प्रत्येक फोटोनंतर लगेच पुढच्या आकड्यापर्यंत फिरवायची सवय लावा. हा कॅमेरा तुम्हाला आठवण करून देत नाही, खटका परत दाबला तर त्याच जागेवर दुसरा फोटो चढतो आणि देवळाच्या कळसावर मावशीचा चेहरा येतो.

फोटो काढताना

माणूस किमान चार मोठी पावलं लांब हवा, म्हणजे साधारण दहा फूट. त्याच्या आत आलात की चेहरा मऊ होतो. आजकाल मोबाइलमुळे आपल्याला जवळ जायची सवय आहे, ती इथे सोडावी लागते. दहा फुटांवरून उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसतो, मागचं घर, झाड, सायकल, सगळं येतं, आणि खरं सांगायचं तर जुन्या अल्बममधले फोटो आज इतके बघावेसे वाटतात ते त्यामुळेच. मागे उभ्या असलेल्या बजाज स्कूटरवरून, दारातल्या रांगोळीवरून, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घर ओळखता येतं.

व्ह्यूफाइंडर भिंगाच्या वर असल्यामुळे तो जे दाखवतो आणि भिंग जे बघतं त्यात थोडा फरक असतो. डोक्यावर जरा जास्त जागा सोडा, नाहीतर कपाळ कापलं जातं.

१/३० सेकंद म्हणजे हातात धरून काढायला बराच वेळ. फोटो हलतो तो इथे. कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास सोडा, आणि खटका झटका न देता सावकाश दाबत न्या. जवळ कठडा, खांब, गाडीची सीट असेल तर कॅमेरा त्यावर टेकवा. आणि समोरच्यालाही उभं राहायला सांगा, चालणारा माणूस, झोक्यावरचं पोर, पळती गाडी हे ह्या कॅमेऱ्याचं काम नाही.

जुना नियम होता की फोटो काढणाऱ्याने सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं. त्यामुळे जुन्या फोटोत सगळ्यांचे डोळे बारीक झालेले दिसतात, तोंडावर ऊन. मंद फिल्मला तेवढं ऊन लागायचं म्हणून तो नियम. आजच्या १०० च्या फिल्मला त्याची गरज नाही, माणसाला झाडाच्या कडेच्या सावलीत किंवा ओसरीच्या पुढच्या भागात उभं करा, ढगाची खूण लावा, डोळे उघडे राहतील आणि चेहरा जास्त चांगला येईल. फक्त भिंगावर थेट ऊन पडू देऊ नका, साधी भिंग आहे, लगेच पांढुरकं होतं. कोपरे थोडे मऊ येणारच, मधला भाग शार्प येईल, म्हणून मुख्य माणूस मधे ठेवा.

बारावा फोटो झाला की नॉब फिरवतच राहा, अख्खा कागद एका रिळावर जाईपर्यंत. सावलीत झाकण उघडा, रोल सैल होऊ न देता बाहेर काढा, शेवटची चिकटपट्टी ओली करून घट्ट लावा. सैल सुटला तर कडेने लाइट लागतो. मग चांदीच्या कागदात गुंडाळून डब्यात. आणि जी रीळ रिकामी झाली ती टाकू नका, पुढच्या रोलला तीच लागणार आहे.

धुवायचं कुठे

मोठ्या शहरांत अजून लॅब आहेत, कुरियरनेही रोल घेतात. पण ब्लॅक अँड व्हाइट घरी धुणं अवघड नाही आणि मी तर म्हणेन की एकदा तरी धुवाच. लागतं काय : एक डेव्हलपिंग टँक, म्हणजे उजेड आत न जाणारा डबा, चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालून आत अंधारात काम करायची काळी पिशवी, थर्मामीटर, चित्र उमटवणारा डेव्हलपर आणि ते पक्कं करणारा फिक्सर, जुने लोक ज्याला हायपो म्हणतात तो.

चेंजिंग बॅगमधे हात घालून फिल्म टँकच्या रिळावर चढवायची, हे एकच काम जरा किचकट. आधी एक वाया गेलेला रोल घेऊन उजेडात, मग डोळे मिटून सराव करा. १२० मधे कागद आणि फिल्म वेगळे असतात, कागद उलगडत गेलं की फिल्म हाताला लागते, शेवटी ती टेपने चिकटवलेली असते तिथून सोडवायची. घामेजल्या हाताने फिल्म अडकते, म्हणून हे काम सकाळी लवकर किंवा पंख्याखाली हात कोरडे करून.

डेव्हलपर डी ७६ किंवा आयडी ११ घ्या, एकास एक पाणी मिसळून, एफपी ४ साठी २० डिग्रीला ११ मिनिटं. पण आपल्याकडे नळाचं पाणीच एप्रिलमधे ३० च्या वर असतं. बादलीत बर्फ टाकून त्यात सगळ्या बाटल्या उभ्या करा आणि २४ पर्यंत तरी आणा, तिथे वेळ साधारण ८ मिनिटं. सगळी द्रावणं आणि धुवायचं पाणी एकाच तापमानाला ठेवा. पहिले १० सेकंद टँक हलक्या हाताने उलटसुलट करा, मग दर मिनिटाला १० सेकंद. डेव्हलपर ओतून द्या, एकदा पाण्याने विसळा, मग रॅपिड फिक्सर ५ मिनिटं. आता झाकण उघडलं तरी चालतं. शेवटी पाणी भरून ५ वेळा उलटं करून फेका, परत भरून १० वेळा, परत भरून २० वेळा. एवढ्यात फिल्म स्वच्छ होते, नळ अर्धा तास चालू ठेवायची गरज नाही.

वाळवायला बाथरूम सगळ्यात चांगलं, आधी गरम पाणी सोडून वाफ करा म्हणजे धूळ खाली बसते, मग दोरीला चिमट्याने टांगा आणि खालच्या टोकालाही एक चिमटा लावा म्हणजे फिल्म गुंडाळत नाही.

वापरलेला फिक्सर मात्र झाडांना, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका, त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते. एका कॅनमधे साठवत जा आणि कॅन भरला की एखाद्या लॅबला विचारून त्यांच्याकडे द्या.

निगेटिव्ह मोठी असल्यामुळे स्कॅनर नसला तरी चालतं. टॅबलेटवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, त्याच्या वर बोटभर उंचीवर काच ठेवून निगेटिव्ह सपाट ठेवा, म्हणजे स्क्रीनचे ठिपके दिसणार नाहीत, आणि वरून मोबाइलने सरळ फोटो काढून त्याचे रंग कुठल्याही ॲपमधे उलटे करा, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. हीच पद्धत घरातल्या जुन्या निगेटिव्हनाही वापरा, त्या बहुतेक स्टुडिओच्या पिवळट पाकिटात कुठेतरी असतात आणि पाकिटातच एकमेकींना चिकटत चालल्या असतात. चिकटल्या असतील तर ओढू नका, स्वच्छ गार पाण्यात भिजू द्या, सुटल्या की वाळवून प्रत्येक पट्टी वेगळ्या बटर पेपरमधे ठेवा, आणि जे जाणते अजून घरात आहेत त्यांना विचारून कोण कुठे कधी ते पाकिटावर पेन्सिलने लिहून घ्या.